जपानी चित्रमालिका : नवख्याने कोठून सुरुवात करावी?



आजचा विषय फळ्यावर लागल्यापासून मंडईत त्याची बरीच थट्टा झाली, हे आमच्या कानांवर आले आहे. कामगार संघटनेत उभी हयात काढलेल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलावे. जपानी 'कार्टून'वर त्याने कशाला बोलावे, असा एकंदर सूर होता. थट्टा रास्त आहे, आणि मंडईची थट्टा अंगावर घेतल्याखेरीज येथे कोणास बोलता येत नाही. ह्या जागेस पुणेकर 'मंडई विद्यापीठ' म्हणत आले. ह्या विद्यापीठात प्रवेशाला दाखला लागत नाही, म्हणून तर शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आमच्यासारख्या माणसाला येथे उभे राहता येते.

विषय आम्हांस दिला तो एका भाजीवाल्या बाईंनी. वजनकाट्याच्या तक्रारीसाठी त्या आमच्याकडे आल्या होत्या. काट्याचे बोलून झाले, तरी बाई उठेनात. म्हणाल्या, "भाऊ, आमचं पोरगं रात्रीचं मोबाइलवर जपानी बघत बसतंय. परवा बघता बघता रडत होतं. काय झालं विचारलं, तर म्हणतंय, आई, तुला नाही कळणार."

रडण्यापेक्षा ते शेवटचे वाक्य आम्हांस अधिक लागले. सतरा वर्षांचा मुलगा दहा बाय बाराच्या खोलीत आईपासून चार हातांवर बसून रडतो, आणि कशासाठी रडतो हे त्या माउलीस ठाऊक नाही. तिने त्याच्या शेजारी बसून काय पाहावे, कोठून सुरुवात करावी, एवढेच आज सांगावयाचे आहे. म्हणजे हे भाषण पोरांसाठी नव्हे. त्यांना आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक आहे. हे त्यांच्या आयांसाठी आणि बापांसाठी आहे, आणि ज्यांच्या घरी पोर नाही पण दुकान बंद केल्यावर अर्धा तास मोकळा आहे, त्यांच्यासाठीही आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. 'ॲनिमेशन' हा इंग्रजी शब्द जपान्यांनी आखूड करून 'ॲनिमे' केला. जपानात कोणत्याही हलत्या चित्रांना हेच नाव आहे. बाहेरच्या जगात मात्र जपानात निघालेल्या चित्रपटांना आणि मालिकांनाच तसे म्हणतात. ह्यात भुतांच्या कथा आहेत, शाळेच्या आहेत, लढाईच्या आहेत, स्वयंपाकाच्या आहेत, बुद्धिबळाच्याही आहेत. तेव्हा 'आम्हाला ॲनिमे आवडत नाही' असे कोणी म्हटले, की 'आम्हाला छापील पुस्तके आवडत नाहीत' असे म्हटल्यासारखे होते. कोणते पुस्तक, ते आधी सांगा!

आणि मौज अशी की, ज्यांना ही वस्तू परकी वाटते त्यांनी ती केव्हाच पाहिलेली आहे. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागे. रस्ते ओस पडत. गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, शेरखानचा आवाज आमच्या नाना पाटेकरांचा. ती मालिका जपानी होती. निप्पॉन ॲनिमेशन ह्या कंपनीने १९८९ मध्ये ती तयार केली. त्याच काळात युगो साको नावाच्या जपानी गृहस्थाने रामायणावर चित्रपट काढला. त्याच्या दिग्दर्शनात मुंबईचे राम मोहन भागीदार होते आणि संगीत वनराज भाटियांचे होते. तो २०२५ च्या जानेवारीत पुन्हा आपल्या चित्रपटगृहांत लागला, आणि आजोबा नातवंडांना घेऊन गेले. २०१२ च्या डिसेंबरात तर कलर्स वाहिनीवर 'सूरज : द रायझिंग स्टार' लागली. मुंबईतल्या गरीब घरचे पोर क्रिकेटपटू होते, अशी ती कथा. मूळ मालिका १९६८ सालची, बेसबॉलवरची. मूळ कथेत बाप मुलाला ताकद वाढावी म्हणून लोखंडी स्प्रिंगांचा चिलखतासारखा साज घालतो. आपल्याकडे ते क्रूर दिसेल म्हणून त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबा आल्या. मुंबईच्या बापाला परवडेल असा हा फेरफार आम्हांस फार पसंत पडला!

पुण्याला तर ह्या बाबतीत नवखे म्हणवून घेण्याचा अधिकारच नाही. येथल्या प्रभात कंपनीने १९३० च्या दशकात 'जंबू काका' हा हलत्या चित्रांचा छोटा पट काढला होता. आपण ती वाट पुढे चाललो नाही. जपानी चालत राहिले.

मग 'हे लहान मुलांचे' हा ग्रह कोठून आला? तो डोरेमॉन आणि शिनचॅन ह्यांनी दिला. गेली वीस वर्षे दुपारी शाळेतून आलेले पोर जेवताना तेच पाहते. त्यातल्या शिनचॅनची खरी हकिकत ऐका. ती चित्रकथा १९९० मध्ये जपानात प्रथम छापली गेली ती मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात. पाच वर्षांच्या वाह्यात पोरामुळे बेजार झालेल्या आईबापांची ती थट्टा होती. कर्ज काढून घर घेतलेला, लोकलच्या गर्दीत चेंगरून येणारा तो बाप नीट पाहा. तो आपल्या परिचयाचा निघेल.

आता सुरुवातीचे. पोरे आपल्या वडीलधाऱ्यांना ह्या वाटेवर आणताना एक गोष्ट हटकून करतात. त्यांना स्वतःला जे सर्वांत प्रिय, तेच पुढे करतात. मुलगा म्हणतो, "बाबा, 'वन पीस' बघा." ही मालिका १९९९ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तिचे अकराशेंहून अधिक भाग झाले आहेत आणि कथा अजून संपलेली नाही! आमच्या एका सभासदाने हिशेब केला, की रोज एक भाग पाहिला तर तीन वर्षे लागतील. तोवर त्याला निवृत्तीचे वय गाठेल. दुसरा मुलगा 'डेथ नोट' लावतो, तिसरा 'अटॅक ऑन टायटन'. ह्या गोष्टी वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण पहिल्याच भागात राक्षसाने माणूस खाल्लेला पाहिला, की आई पदर तोंडावर घेऊन उठते, आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. अजून एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. ह्या मालिकांत पुष्कळ ठिकाणी शाळकरी मुलींची चित्रे ज्या नजरेने काढलेली असतात, तिचा आम्हांस तिटकारा आहे. घरच्या माणसांत बसून ते पाहणे शक्य नाही, आणि एकट्याने पाहणेही शोभत नाही. म्हणून निवड करावी लागते.

आमची निवडीची पद्धत सोपी आहे. मालिका संपलेली असावी. भाग तेरा ते सव्वीस असावेत. एक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा असतो, म्हणजे दोन आठवड्यांत किंवा महिन्याभरात ती पुरी होते. आणि महत्त्वाची अट ही, की तीत माणसे काही कामधंदा करताना दिसावीत. आपले निम्मे मराठी चित्रपट पाहा. नायक काय काम करतो, त्याला पगार किती, ह्याचा पत्ता लागत नाही. जपान्यांच्या मालिकांत माणूस काम कसे करतो, हे हातांच्या हालचालींसकट दाखवतात. काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचे काम लगेच कळते. त्याला भाषा आड येत नाही.

ह्या कसोटीवर आम्ही पहिले नाव घेतो ते 'प्लॅनेटिस' ह्या मालिकेचे. माकोतो युकिमुरा ह्यांच्या चित्रकथेवरून गोरो तानिगुची ह्यांनी २००३-०४ मध्ये ती केली. भाग २६. काळ २०७५ चा. नाव ऐकून वाटते, अंतराळातली लढाई असेल, किरणांच्या बंदुका असतील. तसले काही नाही. कथा आहे झाडूवाल्यांची! पृथ्वीभोवती माणसांनी टाकलेला कचरा फिरतो आहे: मोडके उपग्रह, यानांचे तुकडे, खिळे, स्क्रू. ही गोष्ट आजचीच आहे. असा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने जातो. मालिकेत एक साधा स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो आणि माणसे मरतात. म्हणून हा कचरा गोळा करणारी माणसे नेमली आहेत. मोठ्या कंपनीतले हे सर्वांत खालच्या पायरीवरचे खाते. खाते तोट्यातले, माणसे हवीत त्याच्या निम्मी, आणि म्हणून बाकीचे लोक त्याला 'अर्धे खाते' म्हणून हिणवतात. त्यात एक हंगामी कारकून मुलगी आहे. तिचे हंगामी असणे लेखक एक क्षणही विसरत नाही.

आम्ही ही मालिका प्रथम पाहिली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बाया आल्या. १९९३ मध्ये त्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. त्यांचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, आम्ही कचरा नव्हे, आम्ही कामगार. 'प्लॅनेटिस'मधला होशिनो हाचिरोता नेमका ह्याच प्रश्नाने जळतो आहे. त्याला स्वतःचे यान घ्यावयाचे आहे, आणि हातात आहे ती कचऱ्याची पिशवी. नवी आलेली तानाबे त्याला सारखी प्रेमाच्या आणि माणुसकीच्या गोष्टी सांगते, तेव्हा तो चिडतो. आमच्या संघटनेतही असे पुष्कळ होते, जुना हमाल आणि नवा शिकलेला पोरगा ह्यांच्यात.

ह्यातला एक भाग मात्र प्रत्येकाने पाहावा. एल तानिका नावाचा गरीब, युद्धाने गांजलेला देश लेखकाने कल्पिला आहे. तेथला एक कारागीर आपल्या हातांनी अंतराळ-पोशाख बनवितो आणि तो विकण्यासाठी कंपनीच्या दारी येतो. पोशाख चांगला आहे की नाही, हा प्रश्न मागे राहतो. हा आला कोठून, हा प्रश्न पुढे येतो. साहेबलोक त्याला ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात. ती फिरवाफिरव पाहताना आमच्या खोलीतली मंडळी हसत होती. नंतर हसू थांबले. पोशाखाची चाचणी होते, कारागिराचे पुढे काय होते, ते सांगून आम्ही तुमचा रस मारीत नाही.

दुसरे नाव खास मंडईसाठी. 'गिन नो साजी', म्हणजे 'चांदीचा चमचा'. २०१३-१४ मध्ये दोन हप्त्यांत निघाली, अकरा-अकरा भागांची. साप्पोरो शहरातला हाचिकेन नावाचा मुलगा परीक्षांना कंटाळून होक्काइदोतल्या शेतकी शाळेत जातो. पहाटे चारला उठून गोठा साफ करणे, अंडी गोळा करणे, घोड्याला खरारा करणे. अंडे कोंबडीच्या नेमके कोठून बाहेर येते हे प्रथमच पाहून त्याला ते खाववत नाही! ही कथा लिहिणाऱ्या हिरोमु अराकावा स्वतः दुधाच्या धंद्यातल्या शेतकऱ्याच्या लेक. त्यामुळे शेतीविषयी त्या गोडगोड बोलत नाहीत. वर्गातल्या कोमाबा ह्या मुलाच्या घरचा गोठा कर्जापायी बंद पडतो. मुलाला बेसबॉल सोडावा लागतो, शाळा सोडावी लागते. एवढ्यावर ते थांबत नाही. कर्जाला जामीन राहिलेले शेजाऱ्यांचे घर आहे. त्यांना आपले घोडे विकावे लागतात. जामीन राहणे म्हणजे काय, हे आमच्या जुन्नर-खेडकडच्या माणसांस समजावून सांगावे लागत नाही. जपान म्हणजे फक्त बुलेट ट्रेन, असे ज्यांना वाटते, त्यांनी हा दुसरा हप्ता अवश्य पाहावा.

एक इशारा. ह्यात हाचिकेन एका अशक्त डुकराच्या पिलाला जीव लावतो, सर्वांनी बजावूनही त्याला नाव देतो, आणि शेवटी त्याचे मांस होते. लेखिका नजर चुकवू देत नाही. आमच्या वारकरी मित्राने हा भाग अर्ध्यावर बंद केला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानेच विचारले, त्या पोराने पुढे काय केले? पोराने काय केले, तर सुटीत मजुरी करून मिळविलेल्या पैशांतून त्याने ते सगळे मांस स्वतः विकत घेतले. मंडईत माल विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी ह्यावर वाद घालावा. आमचे मत आम्ही राखून ठेवतो.

ज्यांच्या घरात कीर्तनाची, तमाशाची, नाटकाची आवड आहे, त्यांच्यासाठी तिसरी मालिका: 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजु'. नाव लांब आहे. पोराला लिहून द्या, तो शोधून देईल. २०१६ मध्ये तेरा भाग, २०१७ मध्ये बारा. 'राकुगो' ही जपान्यांची कथा सांगण्याची जुनी कला. सांगणारा गादीवर गुडघे मोडून बसतो. हातात पंखा आणि एक रुमाल, बस्स. त्या पंख्याची काठी होते, लेखणी होते, शेवयांचे वाडगे उपसण्याची काडी होते. एकटाच माणूस नवरा, बायको, घरमालक सगळे होतो. ज्यांनी शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर ह्यांचे कथाकथन ऐकले, त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळेल की हे आपले नातेवाईक आहेत. तुरुंगातून सुटलेला एक दांडगा पोरगा थेट मोठ्या बुवांच्या दारी जाऊन म्हणतो, मला शिष्य करा. बुवांनी तर ठरविले आहे की ही कला आपल्याबरोबर मरू द्यायची. का, ते समजायला पंचवीस भाग लागतात. आमच्या मते ह्या माध्यमात इतकी प्रौढ वस्तू थोडी. पण घाई करून पाहण्याची ही नव्हे. पहिला भाग नेहमीपेक्षा लांब आहे, त्याला बसूनच पाहिले पाहिजे.

आणखी दोन नावे थोडक्यात. 'व्हायोलेट एव्हरगार्डन', २०१८, तेरा भाग: लढाईत वाढलेली, प्रेम ह्या शब्दाचा अर्थ न कळणारी मुलगी टंकलेखक होते आणि लोकांची पत्रे लिहून देते. मुंबईच्या बड्या टपाल कचेरीसमोर ताडपत्रीखाली बसून गिरणी कामगारांची पत्रे आणि मनिऑर्डरी लिहून देणारे लेखनिक ज्यांना आठवतात, त्यांना हा धंदा नवा नाही. तिचा दहावा भाग पाहून न रडणारा माणूस आम्हांस अजून भेटायचा आहे. भाजीवाल्या बाईंचे पोर बहुधा तोच पाहत असावे. दुसरी 'सान्गात्सु नो लायन', जपानी बुद्धिबळ खेळणाऱ्या एकाकी मुलाची, आणि त्याला रात्री जेवू घालणाऱ्या तीन बहिणींची. त्यांच्या आजोबांचे मिठाईचे दुकान आहे. चव्वेचाळीस भाग आहेत, म्हणून ती दुसऱ्या फेरीला ठेवा. शाळेत एका मुलीला सगळ्या वर्गाने मिळून छळण्याचा जो प्रसंग तीत आहे, तो शिक्षकांनी पाहावा.

ह्यानंतर ज्यांना साहस हवे, जादू हवी, त्यांनी 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड' ही चौसष्ट भागांची मालिका घ्यावी. २००९-१० सालची. तीही त्याच अराकावाबाईंच्या लेखणीतून आली. तिच्यातल्या जगाचा नियम असा, की काही मिळवावयाचे तर तेवढ्याच मोलाचे द्यावे लागते. मजुरीच्या वाटाघाटीत हा नियम पाळला जातो तर आमची संघटना केव्हाच बंद झाली असती!

एवढा वेळ आम्ही काय पाहावे ते सांगितले. आता ते काढते कोण, हे सांगितल्याखेरीज आम्हांस खाली बसवणार नाही. संघटनेच्या माणसाने ह्या विषयावर का बोलावे, ह्याचे उत्तरही त्यातच आहे.

पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. १९६३ च्या १ जानेवारीस ओसामु तेझुका ह्यांनी 'तेत्सुवान आतोम' ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा दर आठवड्याला अर्धा तास भरेल एवढी चित्रे काढणे अशक्य होते. त्यांनी युक्ती काढली: एकच चित्र तीन घरे चालवा, म्हणजे सेकंदाला आठ पुरतात. तोंड तेवढे हलवा, अंग स्थिर ठेवा. युक्ती चालली. पण मालिका स्वस्तात विकली गेली, आणि त्या स्वस्ताईचा भार पुढे चित्रकारांच्या मनगटावर आला, असे पुष्कळ जाणकार मानतात. तेझुकांची ती कंपनी स्वतः १९७३ मध्ये बुडाली.

मुख्य चित्रकार हालचालीची ठळक चित्रे काढतो. मधली चित्रे भरणारे निराळे. हे मधले काम बहुतेक ठिकाणी उक्ते असते, नगावर. दर चित्रामागे दोनशे येनच्या आसपास, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये, असा आकडा वर्षानुवर्षे सांगितला जातो. टोकियोसारख्या महाग शहरात बसून, एकेक केस नीट काढून! आमच्या विडी कामगार बायकांना हजारी दर म्हणजे काय ते ठाऊक आहे. माल नापास झाला की तो हजारात धरत नाहीत, हेही ठाऊक आहे. तेथेही चित्र परत आले की पुन्हा काढावे लागते. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या कार्यगटाने जपानवर अहवाल दिला. त्यात ॲनिमे धंद्यातले तुटपुंजे वेतन आणि अमर्याद तास ह्यांवर बोट ठेवले आहे.

पण सगळेच असे चालले नाही. ज्या हायाओ मियाझाकींचे नाव आज जगभर घेतात, ते १९६३ मध्ये तोएई ह्या कंपनीत साधे मधली चित्रे काढणारे म्हणून लागले. वर्षभरात ते तेथल्या कामगार संघटनेचे सरचिटणीस झाले. इसाओ ताकाहाता उपाध्यक्ष होते. युनियनच्या सभांत जमलेल्या ह्या मंडळींनी मिळून १९६८ मध्ये 'होल्स'चा चित्रपट केला. कथा गावकऱ्यांनी एकजुटीने संकट परतवून लावण्याची. कंपनीच्या दृष्टीने तो फार महाग पडला आणि फार लांबला. रेइको ओकुयामा नावाच्या चित्रकर्तीने त्याच कंपनीत लग्नानंतर, मूल झाल्यानंतरही काम सोडले नाही. त्या काळी ही लढाईच होती. पुढे मियाझाकी आणि ताकाहाता ह्यांच्या घिबली ह्या कंपनीने १९८९ च्या सुमारास उक्ते काम बंद करून चित्रकार पगारावर नेमले. क्योतोतल्या 'क्योतो ॲनिमेशन'नेही चित्रकारांना पगारावर ठेवून, घरात शिकवून काम केले. 'व्हायोलेट' ही त्यांचीच. २०१९ च्या १८ जुलैस एका माणसाने ह्या कंपनीची इमारत पेटविली. छत्तीस माणसे मेली, पुष्कळशी तरुण. कंपनीने काम बंद केले नाही.

ही सारी धांदल आतून पाहायची असेल तर 'शिरोबाको' पाहा, २०१४-१५ सालची, चोवीस भाग. चित्रमालिका काढणाऱ्या कचेरीवरचीच ती चित्रमालिका आहे. धावपळ करणारी मियामोरी नावाची पोरगी ह्या टेबलावरून त्या टेबलाला चित्रे गोळा करीत रात्री मोटार हाकते. मालक वाईट नाही, कोणीच वाईट नाही, तरी सगळे थकलेले. ह्यात युनियन नाही, हे आमच्या लक्षात आले. पुढल्या वेळी मालिका संपल्यावर नावांची यादी वर सरकू लागली की ती बंद करू नका. पुढचा भाग आपोआप सुरू होतो, त्याला थांबवा. ती हजेरीपुस्तकाची पाने आहेत.

आता अडचणीचे. ह्या मालिका इंग्रजी अक्षरांसह मिळतात, काही हिंदी आवाजात मिळतात. मराठी आवाजातली मोठ्या माणसांची एकही मालिका आमच्या पाहण्यात आली नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या थोडी नाही. रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गांतून बाहेर पडलेली मुले जपानी कंपन्यांत दुभाषी म्हणून बसली आहेत. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग आपण ओकायामाच्या बागेवरून उभारली. बाग करता आली, तर 'चांदीचा चमचा'चे बावीस भाग मराठीत करता येणार नाहीत काय? कोणी हक्कदारांशी बोलणी करावयास तयार असेल, तर पत्रव्यवहार आम्ही करू. पत्रव्यवहाराची आम्हांस सवय आहे. चोरून उतरविलेल्या प्रती मात्र पाहू नका. नगावर मजुरी घेणाऱ्याच्या मालाची चोरी संघटनेच्या माणसाने करावयाची नसते.

वेळ संपत आली. एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. 'आमची आई सत्तर वर्षांची आहे. तिला वाचता येत नाही, हिंदी सिनेमाचे बोलणे भरभर होते म्हणते. तिला काय दाखवावे?' चिठ्ठीवर सही नाही, पण प्रश्न फार चांगला आहे. आईंना 'हायडी' दाखवा. १९७४ सालची, ताकाहातांनी दिग्दर्शित केलेली, बावन्न भागांची. सर्वच पाहिले पाहिजेत असे नाही. पोरकी नात डोंगरावरच्या तुसड्या आजोबांकडे राहायला जाते, एवढीच गोष्ट. शेळ्या आहेत, भाकरीसारखा पाव आहे, चुलीवर वितळणारे चीज आहे. पहिल्या भागात मावशीने एकावर एक चढविलेले कपडे ती पोर डोंगर चढता चढता काढून टाकते आणि शेळ्यांमागे पळत सुटते. आवाज बंद ठेवला तरी कळेल. तेथवर पाहून आई उठून गेल्या, तर पुढचा भाग लावू नका. बसून राहिल्या, तर चहा ठेवा.